सोवळी गोळी

माझे सासरे आयुष्यात कधी औषधाला शिवले नव्हते. लग्न होऊन मी कुंभकोणमला आले, तेव्हा पहिल्या काही दिवसांतच हे वाक्य इतक्या तोंडून ऐकलं की मला ते त्या घराचं बिरुद वाटायला लागलं. सासूबाई हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना ते सांगत. आमचे हे आपल्या कचेरीत सांगत. आणि कोणी ताप-खोकल्याचा विषय काढला की सासरे स्वतः डोळे मिटून, किंचित हसून तेच सांगत.

सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची आणि सासूबाईंना आत्याबाई. घरात आम्ही मराठी बोलत असू आणि उंबरठ्याबाहेर पाऊल पडलं की तमिळ. आमची मराठी म्हणजे मराठ्यांच्या राज्यात आमचे पूर्वज तंजावरला आले तेव्हाची, जशीच्या तशी ठेवलेली आणि वर तमिळचा हात फिरलेली. पुढे मुलाच्या नोकरीमुळे मी पुण्यात राहिले, तेव्हा शेजारणी म्हणत, "तुम्ही पोथीतून बोलता की काय?" त्यांचं वळण मी शिकले आणि आता लिहिते तेही त्याच वळणानं. त्या वेळची बोलणी मात्र आठवतील तशी ठेवली आहेत.

मामंजी कोर्टात दुभाषी होते. साक्षीदार तमिळमध्ये बोले, साहेब न्यायाधीश इंग्रजीत विचारी, आणि दोघांमध्ये मामंजी उभे. साक्षीदारानं शिवी दिली तर शिवीसुद्धा तोलून, तेवढ्याच वजनाची इंग्रजीत घालायची, अशी त्यांची ख्याती. मी सून म्हणून आले तेव्हा ते निवृत्त झाले होते, आणि सगळा जीव भजनात होता.

औषधावर त्यांचा राग होता तो स्पिरिटमुळे. आमच्याच रस्त्याच्या टोकाला एक डॉक्टर राहायचे, मद्रासला शिकून आलेले, मितभाषी गृहस्थ. मामंजींना एकदा थंडीताप झाला तेव्हा त्यांनी बाटलीतून औषध पाठवलं होतं. बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी, एकेक खाच म्हणजे एकेक वेळचं. मामंजींनी बूच काढून वास घेतला, "स्पिरिट" एवढंच म्हणाले आणि बाटली मागच्या अंगणात नारळाच्या बुंध्याशी रिकामी केली. त्यानंतर डॉक्टर कुठेही भेटले, देवळात, घाटावर, लग्नाच्या पंगतीत, की मामंजी त्यांना तमिळमध्ये आवर्जून सांगत, "तुमच्या औषधानं आमचा नारळ छान आहे." डॉक्टर मान हलवत आणि पुढे जात.

तर अशा माणसाचे गुडघे धरले.

मरुदानल्लूर आमच्या गावापासून जवळच. तिथे सणावारी मोठं भजन होई. मध्ये नाचियार्कोविल गावच्या घडणीची, खांद्याइतकी उंच समई, आणि तिच्याभोवती पायांत चाळ बांधून, हातात चिपळ्या घेऊन माणसं फेर धरत. तमिळ पदं, तेलुगू कृती आणि आमचे अभंग एकापाठोपाठ एक. अभंग आला की मामंजी पुढे. ते नाचत, आणि खरोखर सुंदर नाचत, एरवी अंगात इतका ताठा असलेला माणूस. पण साठी उलटल्यावर भजनाच्या दुसऱ्या दिवशी त्यांचे गुडघे बेलफळाएवढे व्हायला लागले. आत्याबाई तिळाचं तेल गरम करून चोळत, कोंड्याच्या पुरचुंडीनं शेकत. त्यानं बरं वाटे, पण त्यासाठी आठ-दहा दिवस बसून राहावं लागे. बसून राहणं मामंजींना जमत नसे.

त्या सुमारास मोठ्या बाजारात एक दुकान निघालं होतं. तिथे अंगाचा साबण, बिस्किटं, केसांचं तेल, पावडरीचे डबे आणि डोकेदुखीच्या गोळ्या एकाच कपाटात मिळत. मामंजी साबणासाठी गेले होते. त्यांचं लंगडणं बघून दुकानदारानं एक गोळी पुढे केली. हा सगळा संवाद मामंजींनी घरी येऊन आम्हाला दुभाष्याच्या पद्धतीनं, दोन्ही बाजूंनी ऐकवला.

"हे औषध दिसतं," मामंजी म्हणाले.

"औषध कसलं, साहेब? औषध डॉक्टर लिहून देतो. हे आम्ही असंच विकतो."

"यात स्पिरिट?"

"कोरडी गोळी आहे. स्पिरिट बसेल कुठे?"

"हाडं, अंडं, रक्त, असलं काही?"

"छे. सगळं यंत्रात होतं. माणसाचा हातसुद्धा लागत नाही."

माणसाचा हात लागत नाही हे ऐकल्यावर मामंजींचा निर्णय झाला. आत्याबाईंकडे वळून ते म्हणाले, "तुमच्या सोवळ्याच्या स्वयंपाकास तरी हात लागतो की नाही? या गोळीस तोही लागत नाही." आत्याबाई पहाटे ओलेत्यानं चूल पेटवणाऱ्या. त्यांच्या तोंडावर काय उमटलं ते मी पाहिलं आणि चुलीकडे वळले.

पण गोळी गुणाची निघाली, हे कबूल केलं पाहिजे. तासाभरात मामंजी उठून अंगणातून फेरी मारून आले. संध्याकाळी देवळात जाऊन आले. दुसऱ्या दिवशी सूज उतरलेली. ॲस्पिरिन हा शब्द त्यांनी साहेबी उच्चारात आम्हाला शिकवला, आणि आत्याबाईंनी तो लगेच 'अस्परीन' करून टाकला.

पुढचं सगळं हळूहळू झालं. आधी दुखलं की अर्धी गोळी. मग दुखलं की एक. मग दुखण्याची वाट कशाला बघायची, म्हणून भजनाला निघतानाच. गुडघा दुखेनासा झाला म्हणून ते जास्त नाचायला लागले, जास्त नाचले म्हणून गुडघा जास्त बिघडला, आणि जास्त बिघडला म्हणून गोळ्या वाढल्या. सकाळी अंघोळ झाली की अनशापोटी, तुळशीचं पान तोंडात टाकावं तशी एक गोळी तोंडात जाई. पुढे डोकंही जड व्हायला लागलं, तेव्हा स्टेशनाजवळच्या दुसऱ्या दुकानातून त्यांनी डोकेदुखीच्या पुड्या आणल्या. गोळी गुडघ्यासाठी, पुडी डोक्यासाठी. दोन्हींचे कागद वेगळे, दुकानं वेगळी, तेव्हा वस्तूही वेगळ्या असणार, असा हिशेब.

स्वतःला गुण आल्यावर ते दुसऱ्यांनाही द्यायला लागले. रस्त्यातलं कोणी कंबर धरून चाललेलं दिसलं की मामंजी हाक मारून ओट्यावर बसवत आणि तळहातावर गोळी ठेवत. घेणारे दोन्ही हात पुढे करून घेत, तीर्थ घ्यावं तसं. मलाही एकदा पाठ दुखत होती म्हणून दिली. मला गोळी गिळता येत नसे. ती मी हळूच पदराच्या टोकाला बांधली आणि नंतर विसरले. धुण्यात विरघळून गेली.

मग त्यांच्या पोटात जळजळायला लागलं.

त्याचा आळ स्वयंपाकावर आला. "तिखट अति जाहलं आहे," मामंजी म्हणाले. आत्याबाईंनी मिरच्या कमी केल्या. मग चिंच कमी केली. मग मोहरीसुद्धा. आमच्या घरचं सांबार कोणी आजाऱ्यासाठी केलेलं वाटावं असं झालं. आमचे हे एकदा जेवताना म्हणाले, "आज सांबार केलंच नाही का?" त्यांच्या वाटीत ते होतं. तरी मामंजींची जळजळ चालूच. आत्याबाई रात्री भांडी आवरताना मला म्हणायच्या, "अग, आता मिठावर येऊन ठेपलं. ते काढलं की मग पाणीच वाढायचं."

याच दिवसांत मामंजी गोरे दिसायला लागले. मुळात सावळे, पण आता कातडीला मेणासारखी कळा आली. भजनातले लोक म्हणत, तेज चढतं आहे. जिना चढताना ते मध्येच थांबायचे आणि भिंतीला हात लावून डोळे मिटायचे. लोक म्हणत, चालता चालता नाम घेतात. मीही तसंच समजत होते. दुसरं काही समजायचं मला तेव्हा कारणच नव्हतं.

मार्गळीचा महिना आला. तिकडे मार्गशीर्षाला मार्गळी म्हणतात. पहाटे गारवा, दारोदारी मोठमोठ्या रांगोळ्या आणि रस्त्यातून भजनं. वैकुंठ एकादशीला मरुदानल्लूरला सकाळपासून उत्सव असे. मामंजींची एकादशी कडक. कॉफीनं उपास मोडत नाही, हे सगळ्या कुंभकोणमनं आपसांत ठरवून टाकलं होतं. ते एकट्या मामंजींना मान्य नव्हतं. ते पाण्यावर राहत. गोळी मात्र अन्न नव्हे, आणि दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणे औषधही नव्हे, म्हणून चालत असे. त्या दिवशी नाच मोठा म्हणून त्यांनी निघण्यापूर्वी एकाच वेळी दोन घेतल्या आणि वरून एक पुडी, डोकं दुखू नये म्हणून.

आम्ही बैलगाडीनं गेलो, मामंजी, आत्याबाई, हे आणि मी. मंडप माणसांनी भरलेला. भागवतर, म्हणजे भजनाचे मुख्य गायक, समईपाशी बसले होते. बायका एका बाजूला. दुपार व्हायच्या आधी विठ्ठलाचा अभंग सुरू झाला आणि मामंजी उठले. एक फेर झाला, दुसरा झाला. तिसऱ्या फेरात त्यांनी दोन्ही हात वर केले, मान मागे टाकली, आणि जसे होते तसे सावकाश, गुडघ्यांतून मिटत जाऊन, समईपासून हातभर अंतरावर आडवे झाले.

क्षणभर सगळं थांबलं. मग कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, "समाधी!"

त्यानंतर जे झालं ते मी विसरणं शक्य नाही. लोक मामंजींच्या पायांवर पडायला लागले. एका म्हाताऱ्यानं त्यांच्या तळव्याची धूळ डोळ्यांना लावली. कोणी गळ्यात हार घातला, कोणी कापूर पेटवला. आमचे हे गर्दी सारून पुढे झाले आणि वडिलांना उचलायला लागले, तर चार जणांनी त्यांना धरलं. "हात लावू नका. अशा वेळी उठवलं तर धोका असतो. ते आपणहून खाली येतील." भागवतरांनी डोळ्यांतून पाणी काढत पट्टी वर चढवली आणि नाम दुप्पट वेगात सुरू केलं, समाधी उतरवण्यासाठी. आणि हे, पदवी घेतलेला माणूस, गोंधळून मागे सरले. मला नंतर म्हणाले, "एवढे सगळे म्हणत होते, मजला वाटलं असेलही."

मग मामंजी एका कुशीवर झाले आणि त्यांना उलटी झाली.

ती काळपट होती, कणीकणीची. फडक्यात उरलेला कॉफीचा चोथा पाण्यात कालवावा तशी. रोज दोन वेळा कॉफी गाळणाऱ्या बायकांनी भरलेला तो मंडप. तो रंग ओळखायला कोणाला वेळ लागला नाही. कापूर पेटवणारा थबकला. आत्याबाई उभ्या राहिल्या. मी त्यांना पुरुषांच्या बाजूला जाताना कधी पाहिलं नव्हतं. त्या सरळ समईपाशी गेल्या, वाकल्या, नीट पाहिलं, आणि सगळ्या मंडपाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "एकादशीस कॉफी प्यालां?"

मामंजींनी डोळे अर्धे उघडले. "नाही," ते पुटपुटले. "पांडुरंगाशपथ नाही."

"मग हे काय आहे? आणि लोक पायां पडतात तुमच्या!" त्या मुलाकडे वळल्या. "उचल. घरी चल. समाधी म्हणे! कुठल्या खाणावळीत जाऊन आले ते मी घरी विचारतें."

आता कोणीच अडवलं नाही. पाण्यावर राहतो म्हणवून ज्यानं चोरून कॉफी घेतली त्याच्या समाधीत व्यत्यय आणायला कोणाची हरकत नव्हती. नाम थांबलं. ह्यांनी आणि गाडीवानानं मामंजींना उचलून गाडीत घातलं. तेव्हा कोणाला कळलं नाही, पण आत्याबाईंना राग आला नसता तर भक्तांनी मामंजींना तिथेच, हार घालून, मोठ्या मानानं मरू दिलं असतं.

गाडीत त्यांचं डोकं माझ्या मांडीशी होतं. मी पदरानं त्यांचं तोंड पुसलं. कॉफी मी रोज भाजत होते, दळत होते, तिचा वास माझ्या बोटांना असे. या उलटीला तो वास नव्हता. आंबट, लोखंडासारखा काहीतरी वास होता. मी म्हटलं, "आत्याबाई, ही कॉफी नव्हे."

त्यांनी वाकून वास घेतला. मग मामंजींचा हात हातात घेतला. तो घामानं ओला आणि थंड होता. ओठ खाली ओढून पाहिला, आत हिरड्या पांढऱ्या. त्यांचा सगळा राग एका क्षणात गेला आणि तोंड उघडं पडलं. "अग बाई," एवढंच त्या म्हणाल्या, आणि मग गाडीवानावर तमिळमध्ये ओरडल्या, "घरी नको. डॉक्टरकडे घे!"

डॉक्टर जेवायला बसत होते. तसेच हात धुऊन आले. नाडी पाहिली, डोळ्यांच्या पापण्या उलटून पाहिल्या, पोट चाचपलं. मग विचारलं, "कॉफी घेतली होती?"

"नाही," आत्याबाई म्हणाल्या. "एकादशी आहे. ते शपथेवर सांगतात."

"मग हे रक्त आहे. पोटात रक्त सुटलं आहे. शौचाला काळं होतं?"

असल्या गोष्टी आमच्या घरात कोणी बोलत नसे. मामंजींनी डोळे मिटले. शेवटी क्षीण आवाजात, पण स्पष्ट तमिळमध्ये म्हणाले, "होतं. डांबरासारखं. काही आठवडे."

"आणि कोणाला सांगितलं नाहीत?"

"मला वाटलं, उपासतापासानं आतली घाण निघते आहे."

डॉक्टरांनी एक श्वास सोडला. "कोणतं औषध चालू आहे?"

"काही नाही," मामंजी, आत्याबाई आणि हे, तिघांनी एकदम सांगितलं, आणि आत्याबाईंनी सवयीनं पुढचंही सांगितलं, "ते आयुष्यात कधी औषधाला शिवले नाहीत." त्या अवस्थेतही मामंजींच्या चेहऱ्यावर ते जुनं हसू येऊन गेलं.

मी आत्याबाईंच्या मागे दाराआड उभी होते. परक्या पुरुषाशी सुनेनं बोलायची रीत नव्हती. मी आत्याबाईंच्या कानाशी लागून म्हटलं, "गोळ्या." त्या म्हणाल्या, "ते कुठे औषध?" मी म्हटलं, "तरी सांगा." तेव्हा त्यांनी सांगितलं, "सून म्हणते, गोळ्या घेतात. अस्परीन. पण ती दुकानात मिळते."

डॉक्टरांनी मामंजींच्या कमरेच्या बटव्याची गाठ स्वतः सोडली. गोळ्यांचं पाकीट निघालं, पुड्याही निघाल्या. पुडीचा कागद त्यांनी उजेडात धरून वाचला आणि मान हलवली. "दोन्हींत एकच वस्तू आहे. नाव वेगळं घातलं आहे, एवढंच. म्हणजे गुडघ्यासाठी घेतली, तीच पुन्हा डोक्यासाठी घेतली. आणि रिकाम्या पोटी?"

"एकादशीला पोट रिकामंच असतं," मामंजी म्हणाले.

"तुमचं पोट आज नुसतं रिकामं नाही, सोललेलं आहे."

मग धावपळ झाली. सोडावाल्याकडून लाकडाच्या भुशात गुंडाळलेला बर्फ आला. हलायचं नाही, बोलायचं नाही, तोंडानं काही नाही. इंजेक्शन दिलं. मग मामंजींना खाटेसकट घरी आणलं. पुढचे काही दिवस घरात पाय न वाजवता चालत होतो. मग चमच्या-चमच्यानं गार दूध सुरू झालं, ठरावीक वेळेला थोडंथोडं. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ यायचे. त्यांनी एक पांढरं, खडूसारखं औषध दिलं, बाटलीतून, कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेली. मी ते वाटीत ओतून दिलं तेव्हा मामंजींनी सवयीनं नाकाशी नेलं. वास घेतला. माझ्याकडे पाहिलं. मग पिऊन टाकलं. डॉक्टर खुर्चीवर बसून पाहत होते. मागच्या अंगणातल्या नारळाची चौकशी त्यांनी तेव्हा केली असती तर कोणी दोष दिला नसता.

धोका टळल्यावर आत्याबाईंनी डॉक्टरांना विचारलं, "म्हणजे ते विषच विकतो का तो मेला?"

"नाही, अम्मा. चांगलं औषध आहे. मीही देतो." ते नेहमी दोन शब्दांत उत्तर देणारे, पण त्या दिवशी ओट्यावर बसून सावकाश बोलले. "पण औषध आहे. कोणी लिहून दिलं नाही म्हणून त्याचं दुसरं काही होत नाही. पोटात अन्न असताना घ्यावं, भरपूर पाण्यातून. दुखेल तेव्हा घ्यावं, दुखेल या भीतीनं नव्हे. कमीत कमी घ्यावं, आणि थोड्या दिवसांत भागलं नाही तर मला येऊन विचारावं. ज्याच्या पोटात आधीच जळतं त्यानं हात लावू नये. ज्याला धाप लागते त्यानं नाही, गरोदर बाईनं नाही, विचारल्याशिवाय नाही. आणि काळं दिसलं तर लाजायचं नाही. त्याच दिवशी यायचं." मग काही आठवून म्हणाले, "यांनी आणखी कोणाला दिल्या?"

आत्याबाईंनी रस्त्याच्या एका टोकाकडे हात केला आणि तो दुसऱ्या टोकापर्यंत नेला.

"समोरच्या म्हाताऱ्यांना?"

"त्यांस तर दर आठवड्यास."

"मला वाटलंच," डॉक्टर उठत म्हणाले. "त्यांची धाप का थांबत नाही म्हणून मी डोकं फोडून घेतो आहे." आणि चपला घालून समोरच्या घरी गेले.

मामंजी हिंडायला-फिरायला लागले तशी ओट्यावर माणसं जमायला लागली. मंडपातली कॉफीची शंका फिटली होती. ते रक्त होतं, हे गावभर झालं होतं, आणि त्यामुळे समाधीचं वजन आणखी वाढलं होतं. नाचता नाचता रक्त ओकला, असा भक्त कुठे पाहायला मिळतो? लोक लिंबं, फुलं, विड्याच्या पानांच्या चवडी घेऊन येत आणि पाया पडत. स्वतः भागवतर एक दिवस आले आणि शाल घालायला लागले.

मामंजींनी शाल हातानं थांबवली. "हे पाहा," ते म्हणाले, "ती समाधी नव्हती. ती घेरी होती. मी रिकाम्या पोटी गोळ्या खाल्ल्या, त्यानं पोटात जखम झाली, रक्त गेलं आणि मी पडलो. यात देवाचा काही संबंध नाही."

भागवतरांचे डोळे भरून आले. लोकांकडे वळून ते म्हणाले, "ऐकलंत? याला म्हणतात विनय."

"विनय नव्हे!" मामंजींचा आवाज चढला. "वस्तुस्थिती सांगतो आहे. ॲस्पिरिन!"

"नामाला माणूस कुठलंही नाव देतो," भागवतर हळूच म्हणाले आणि शाल घातलीच.

त्या दिवशी मामंजींना मी खरोखर दुःखी पाहिलं. ज्या माणसानं सगळ्या नोकरीत दुसऱ्याच्या तोंडचा शब्द इकडचा तिकडे होऊ दिला नाही, त्याचं स्वतःचं म्हणणं त्याच्याच ओट्यावर, त्याच्याच देखत, लोक उलटं लावून घेत होते. आत आल्यावर शाल काढून ते आत्याबाईंना म्हणाले, "एक तुम्हीच नीट समजलां होतां. कॉफी म्हणालां. चुकीचं म्हणालां, परंतु समाधी तरी नाही म्हणालां."  आत्याबाई सांबारात मिरची घालत होत्या, बऱ्याच महिन्यांनी.

शेवटी मामंजींनी दुसरा मार्ग धरला. ज्यांना गोळी हवी असे ते अजूनही त्यांच्याकडे येतच होते, उलट जास्तच येत होते. संताच्या हातची गोळी म्हणून. नाही म्हटलं तर ते थेट दुकानात जात. तेव्हा मामंजी नाही म्हणेनासे झाले. ते कोर्टातल्यासारखी जबानी घ्यायला लागले. पोटात जळतं का, धाप लागते का, आणखी कुठली पुडी घेतली आहे का, कधीपासून दुखतं, आणि सगळ्यांत शेवटी, जेवलात का? या शेवटच्या प्रश्नावर निम्मे लोक अडकत. जेवले नसतील तर मामंजी मला हाक मारत, "सूनबाई, पान मांड."

एकदा एक वकील आले, कोर्टातून थेट, डोकं दोन्ही हातांनी धरून. सकाळपासून नुसत्या कॉफीवर होते. "आधी गोळी द्या, मग काय ते विचारा," ते कण्हत म्हणाले. मामंजींनी त्यांना पानावर बसवलं. मी दहीभात वाढला, लिंबाचं लोणचं वाढलं. पहिला घास त्यांनी कडू काढा घ्यावा तसा घेतला. दुसरा बरा घेतला. भात संपला तेव्हा त्यांनी पुन्हा मागितला, आणि ताकही मागितलं. हात धुऊन ते ओट्यावर टेकले, पान खाल्लं आणि एका खटल्याची लांबलचक हकीकत सुरू केली. मामंजींनी मध्येच विचारलं, "डोकं?"

वकिलांनी कपाळाला हात लावून पाहिला. डोकं दुखायचं थांबलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते सगळ्या बाररूममध्ये सांगत होते की मामंजींनी नुसतं समोर बसवलं आणि दुखणं गेलं. त्या आठवड्यात आमच्याकडे दुपारच्या वेळी आणखी तीन वकील आले, तिघेही उपाशी. मामंजी प्रत्येकाला पानावर बसवून समजावत राहिले की हा भुकेचा परिणाम आहे, यात चमत्कार काही नाही, आणि ते तिघेही जेवता जेवता आदरानं मान डोलवत राहिले. आत्याबाईंनी तेव्हापासून रात्री विरजण जरा जास्तच लावायला सुरुवात केली.